हातभर अंतर

अण्णांचा पाय काठ फुटलेल्या पायरीवर अडखळला तेव्हा तो, त्यांचा मुलगा, त्यांच्या दोन पायऱ्या खाली, तोंड वर करून उभा होता, आणि त्यानं त्या क्षणी जे केलं ते अगदी बिनचूक केलं. डावा पाय एक पायरी मागे घेतला. अंग तिरकं केलं. गुडघे किंचित वाकवले, वजन चवड्यांवर आणलं, मोकळा हात अंगापासून जरासा दूर धरला. अंगावर येणाऱ्या माणसात आणि स्वतःत हातभर अंतर राखलं आणि त्याला बाहेरची बाजू मोकळी करून दिली. अण्णा त्या मोकळ्या बाजूनं, भिंतीला खांदा घासत, त्याच्या शेजारून खाली गेले आणि जिन्याच्या वळणावर आडवे झाले. दुसऱ्या हातातली पिशवी हललीसुद्धा नव्हती. पिशवीत अण्णांचा चष्मा होता, काच बदलायला न्यायचा होता. तो शाबूत राहिला. खुब्याचं हाड मोडलं.

वर दाराला कुलूप लावता लावता त्याच्या बायकोनं सगळं पाहिलं होतं. ती धावत खाली आली, अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या, आणि पुढचे काही तास सगळेच नुसते हातपाय असल्यासारखे वागले. रात्र व्हायच्या आत हाडात धातूची पट्टी बसवायचं ठरलं, सह्या झाल्या, आणि दोघं इस्पितळातल्या बाकावर बसून राहिली. तेव्हा तिनं विचारलं, "एक विचारू? तू मागे का सरलास?" आवाजात राग नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवर काच ठेवून "आता हे अक्षर दिसतं का?" असं दिवसभर विचारायची, त्याच आवाजात विचारलं होतं. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उलटून बोलता येतं. "सरलो नाही," तो म्हणाला, "पाय सटकला माझाही." ती "हं" म्हणाली. वीस वर्षांत फुटबॉलच्या मैदानावर त्याचा पाय सटकलेला कुणी पाहिला नव्हता, आणि ती प्रत्येक मोसमात एखाददुसरा सामना बघायला येत असे. तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याला खूप थकवा आला. सामन्यानंतर येतो तो थकवा पायांत असतो, त्याला थंड पाणी आहे, झोप आहे, दुसऱ्या दिवशीची हलकी धाव आहे. हा कुठे होता तेच कळेना.

त्याचा धंदा पहिल्यापासून अडवण्याचा. संघात त्याला सगळे काका म्हणत, कारण पस्तिशी उलटलेला तो एकटाच होता. बचावाच्या मधोमध उभा राहायचा आणि येईल त्याला थोपवायचा. लोकांना वाटतं बचाव करणारा म्हणजे धावून जाऊन धडकणारा. खरं तर तसं करणारे लवकर घरी बसतात. लहानपणी ज्यांनी शिकवलं ते मास्तर म्हणायचे, "चेंडू काढायला जो आधी पाय टाकतो तो मेला." समोरचा चेंडू घेऊन येतो, त्याला घाई असते, गोल त्याला करायचा असतो. तुला काय घाई आहे? तू मागे सरक, हातभर लांब राहा, त्याला कडेला ने, त्याच्या वाईट पायावर ने, आणि वाट बघ. माणसाच्या डोळ्यांत बघू नकोस, डोळे खोटं बोलतात; खांदे खोटं बोलतात, कंबर खोटं बोलते. चेंडूकडे बघ. मास्तरांनी चौघा पोरांच्या कमरांना एकच दोर बांधला होता, दोघांमध्ये ठरावीक ढील सोडून. एक सरकला की चौघांनी सरकायचं. कुणी एकटा पुढे धावला तर उरलेले तिघे त्याच्या मागून फरफटत जात आणि तोंडात माती जाई. महिनाभर तो दोर कमरेला काचत राहिला, मग एके दिवशी मास्तरांनी सोडला आणि चौघं बांधल्यासारखेच सरकत राहिले. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तो पीळ त्याच्या कमरेत राहून गेला. बाजारात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या गर्दीतही तो माणसांपासून हातभर लांब, जरासा तिरका उभा असे. बायको थट्टेनं म्हणायची, "फोटोत सरळ उभा राहा की, तुझ्यावर कुणी चाल करून येत नाहीये."

आणि खरं सांगायचं तर मास्तरांच्या आधीही त्याला अंतर शिकवलं होतं ते अण्णांनीच. अण्णा बस चालवत. उभ्या आयुष्यात त्यांच्या गाडीला खरचटलं नाही, आणि त्याचं कारण विचारलं की ते एकच सांगत, "पुढच्याच्या बुडाला चिकटायचं नाही. अंतर असलं की ब्रेकला अर्थ असतो." शाळेला सुट्टी असली की तो त्यांच्या मागच्या आसनावर बसून फेऱ्या मारायचा. कंडक्टर मागून दोरी ओढायचा. एक घंटा, थांब. दोन घंटा, चल. अण्णा एरवी कुणाचं ऐकत नसत, पण त्या घंटेचं ऐकत. दुसरी घंटा येईपर्यंत गाडी जागची हलत नसे, मागून सगळ्या रस्त्यानं भोंगे वाजवले तरी. घरीही तीच सवय. जेवण झालं की टेबलावर बोटानं दोन टकटक, म्हणजे उठा, कामाला लागा. कुणी मध्ये फार बोलायला लागलं की एक टक. आई हसायची. आई गेली तेव्हा तो परगावच्या सामन्याहून आला होता, केस अजून ओले होते, आणि अण्णा खाटेच्या त्या बाजूला उभे होते. हा या बाजूला उभा राहिला. मध्ये आई. नातेवाईक म्हणाले, बापलेक किती धीराचे आहेत. धीर कसला. दोघांनाही खाटेला वळसा घालून पलीकडे जाणं जमलं नव्हतं, इतकंच.

इस्पितळात अण्णा वाटलं होतं त्यापेक्षा लवकर बोलायला लागले, आणि बोलायला लागले ते थट्टेनंच. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं चौकशी केली, मुलगा काय करतो? "डिफेंडर आहे," अण्णा म्हणाले. "कुणाला अंगावर येऊ देत नाही." म्हातारा हसला, त्याची सून हसली, नर्ससुद्धा पाठमोरी हसली. त्यांना काय माहीत. तो संत्रं सोलत होता. ते त्यानं शेवटपर्यंत सोललं, फोडी बशीत मांडल्या आणि बशी अण्णांपुढे सरकवली. अण्णांनी एक फोड उचलली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "चांगला खेळलास." ते टोचायला म्हणाले होते की समजूत काढायला, हे त्याला अजूनही कळलेलं नाही. त्यानं त्या वाक्याला सगळ्या बाजूंनी हात लावून पाहिला आणि त्याला दोन्हीकडून धार लागली.

त्या आठवड्यात सामना होता. रजा मागितली असती तर मिळाली असती, पण अडवण्याखेरीज त्याला काही येत नव्हतं, आणि निदान तेवढं तरी करावं असं वाटलं. पहिला अर्धा भाग ठीक गेला. शरीर आपलं आपण चालत होतं: बचावाची रेषा वर आली की वर, खाली गेली की खाली, शेजारचा लंबू सुटला की त्याच्या मागची जागा भरायची. कुणी चकवून पुढे गेलाच तर त्याच्या मागे धावायचं नाही, गोलाकडे धावायचं. तो वळून येणार तिथंच. हे सगळं त्यानं इतक्या वेळा केलं होतं की त्यात त्याचा स्वतःचा काही भाग उरला नव्हता. मग दुसऱ्या अर्ध्यात समोरचा एक जण चेंडू घेऊन सरळ त्याच्यावर आला. वेगवान, हडकुळा, मोज्यांच्या घड्या घोट्यावर पडलेल्या. तो मागे सरला. हातभर अंतर. कडेला ने, कडेला. आणि त्या गड्यानं सगळे देतात तशी हूल दिली: एक खांदा खाली टाकला, गुडघा मोडल्यासारखा केला, सगळं अंग एका बाजूला झोकलं, जणू आता पडलाच. अशा हुली त्यानं हजारांनी पाहिल्या होत्या. चेंडूकडे बघायचं असतं. पण त्यानं बघितलं ते त्या खांद्याकडे, आणि दोन्ही हात पुढे करून तो त्याला धरायला धावला.

धरायला. अडवायला नाही, पाडायला नाही. एक माणूस पडतोय, त्याला धरायला. हात रिकामेच मिटले. गडी त्याच्या शेजारून, भिंतीकडच्या बाजूनं असं त्याला क्षणभर वाटलं, निघून गेला आणि गोल झाला. तो मैदानाच्या मध्यावर हात पुढे करून उभा होता. लंबू धापा टाकत आला आणि म्हणाला, "काका, मिठी मारायला गेलास काय त्याला?" प्रेक्षकांत कुणीतरी शिट्टी घातली. पंचांनी काही दिलं नाही, कारण त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतंच. सामना त्या एका गोलानं गेला.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत तो बर्फाच्या पाण्याच्या टाकीत कमरेपर्यंत बसला. ही त्याची नेमाची गोष्ट. तरुण पोरं किंचाळत, शिव्या देत दोन मिनिटांत बाहेर उड्या मारायची. तो शांत बसून राहायचा. पाय आधी जळतात, मग दुखतात, मग नाहीसे होतात. मग बाहेर येऊन अंग पुसायचं, अर्ध्या तासाच्या आत खायचं, घरी गेलं की भिंतीला पाय वर टेकवून पडायचं, मोबाईल लांब ठेवायचा, झोपायचं. दुसऱ्या दिवशी विश्रांती म्हणून लोळायचं नाही, हळूहळू धावायचं. या सवयींवर त्यानं आपली शेवटची काही वर्षं रेटली होती. पोरं विचारायची, काका, रहस्य काय? रहस्य काही नाही, तो म्हणायचा, आज जेवढं मोडलं तेवढं आज दुरुस्त करायचं, उद्यावर टाकायचं नाही. आता टाकीत बसल्या बसल्या ते स्वतःचंच वाक्य त्याला आठवलं आणि तोंड कडू झालं. कोच येऊन टाकीच्या काठाशी उभे राहिले. ते त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे होते, एके काळी एकत्र खेळले होते.

"पाय टाकलास," कोच म्हणाले.

"हो."

"तू. पाय टाकलास."

"हो म्हटलं ना."

कोचनी पाण्यातले बर्फाचे तुकडे बोटानं ढवळले. "वडील कसे आहेत?"

"बरे आहेत. पुढच्या आठवड्यात घरी आणायचंय."

"मग असं कर, थोडे दिवस त्यांच्याकडेच बघ. इकडची काळजी करू नकोस. लंबूबरोबर दुसऱ्या कुणाला तरी बघतो."

थोडे दिवस म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. मोसम संपायला थोडेच दिवस उरले होते आणि या वयात पुढचा मोसम कुणी कुणाला देत नाही. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला फक्त टाकीतून उठायचा कंटाळा आला.

अण्णा घरी आले ते खुर्चीत बसून, शेजारच्या चौघांनी जिन्यावरून उचलून आणलं. वर आल्यावर ते चौघांनाही थँक्यू म्हणाले. मुलानं खुर्चीचा मागचा पाय धरला होता. त्याला थँक्यू म्हणायचं कारण नव्हतं, तरी तो उगाच थांबला. फिजिओबाई एक दिवसाआड यायच्या, ठणठणीत आवाजाच्या, हातात जोर असलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, घरातल्या घरात वॉकर घेऊन चालणं ठीक आहे, पण या घराला जिना आहे आणि जिना उतरायला शिकावाच लागेल. या महिन्यात सुरुवात झाली नाही तर खुबा धरेल, धीर जाईल, "आणि मग आजोबा, तुम्ही या खुर्चीचेच झालात असं समजा." रोज एक वळण उतरायचं आणि चढायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कमरेला हा पट्टा बांधायचा. सोबतीला असेल त्यानं एक पायरी खाली उभं राहायचं, दुखऱ्या बाजूला, अगदी अंगाशी, आणि पट्टा सोडायचा नाही. "दिवसा घरी कोण असतं?" बाईंनी विचारलं. "मी असतो," तो म्हणाला. "उत्तम," बाई म्हणाल्या, "तुम्ही तर खेळाडू." अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. "सूनबाई आली की उतरेन," ते म्हणाले.

इथून पुढचे दिवस त्याला नीट वेगवेगळे आठवत नाहीत. एकच दुपार होती आणि ती रोज यायची. बायको सकाळी दुकानात जायची. मग घरात दोन पुरुष आणि एक घड्याळ. जे जे त्याला येत होतं ते सगळं तो करत होता: अण्णांच्या पोटऱ्यांना खालून वर हात फिरवायचा, सूज उतरावी म्हणून पायाखाली उशा द्यायचा, टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून खुब्याला लावायचा, खाणं वेळेवर, पाणी वेळेवर, दुपारी पडदा ओढून झोप. गुडघ्यातून पाय उचलायला लावायचा, "अजून एक, अजून एक," असं म्हणताना त्याचा आवाज कोचसारखा व्हायचा. अण्णा सगळं करायचे. पडलेले असताना त्याला पायाला हवा तितका हात लावू द्यायचे. पण उभं राहायची वेळ आली की त्यांचा हात त्याच्या हाताला ओलांडून वॉकरकडे जायचा. कधी नाही म्हणाले नाहीत. कधी रागावले नाहीत. त्यांचा हात फक्त त्याला वळसा घालून जायचा, बस चालवताना खड्ड्याला वळसा घालावा तसा. आपल्या बापाला आपली भीती वाटते, ही गोष्ट त्यानं मनात पहिल्यांदा सरळ वाक्यात म्हटली तेव्हा तो भांडी विसळत होता. नळ चालूच राहिला.

संध्याकाळी बायको यायची, पर्स ठेवायची, पट्टा बांधायची आणि दोघं जिन्यावर जायची. तो दारात उभा राहून बघायचा. तिची उंची अण्णांच्या छातीपर्यंत. दिवसभर उभं राहून तिची कंबर भरून यायची, ती एका हातानं पट्टा धरायची आणि दुसऱ्यानं स्वतःची पाठ. अण्णा खरंच घसरले तर ती धरू शकणार नाही, दोघंही वळणापर्यंत गडगडतील, हे त्याला दिसत होतं आणि अण्णांनाही न दिसण्याइतके ते वेडे नव्हते. म्हणजे त्यांनी हिशेब केला होता. हिच्याबरोबर पडलेलं चालेल, असा तो हिशेब होता. ती निदान बरोबर पडेल.

एके दिवशी बायको म्हणाली, "दुकानातली दुसरी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलीय. सोमवारपासून मला यायला रात्र होणार. अण्णा, आता तुम्ही दोघांनी काय ते बघा."

"रविवारी उतरू," अण्णा म्हणाले.

"आठवड्यातून एकदा? बाई काय म्हणाल्या ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"दोघंही दोन बसेस आहात," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज चढला. "एकामागे एक. अंतर राखा, अंतर राखा! तुमच्या पाठीवर पाटीच लावून ठेवते."

कुणी हसलं नाही. अण्णांनी टेबलावर एकदा टक केलं. बायको बोलायची थांबली आणि आत निघून गेली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. अण्णा खुर्चीत बसत आणि खुर्ची दिवसेंदिवस त्यांच्या अंगाची होत चालली. उठताना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला. फिजिओबाईंनी खुबा हलवून पाहिला, ओठ आवळले आणि नुसतं "बघा बुवा" म्हणून गेल्या. त्याला त्या खांद्यांची, त्या वाकलेल्या मानेची ओळख पटायला लागली. संघात असे दोघं-तिघं पाहिले होते, दुखापत बरी झाली तरी जे परतले नाहीत. पाय बरा व्हायचा, पण पायावर विश्वास बसायचा नाही, आणि मग एके दिवशी कपाट रिकामं दिसायचं. अण्णांचं तसं होत होतं, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि तो हातभर अंतरावर उभा राहून बघत होता. बघणं त्याला येत होतं. वाट बघणं तर त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं.

बुधवारी दुपारी तो भिंतीला पाय लावून जमिनीवर पडला होता. आता ना सामना होता ना सराव, थकवा उतरवायला थकवा कुठला यायचा, पण सवय होती. अण्णा वरून, खुर्चीतून म्हणाले, "तू सकाळीसुद्धा घरीच असतोस हल्ली."

"हो."

"सराव?"

"काढलं मला."

खिडकीतून खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरा कुणी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. अण्णांनी ते संपेपर्यंत ऐकलं.

"का काढलं?"

"पाय टाकला मी. गोल झाला."

"तू कशाला टाकशील पाय?" अण्णांनी हे असं विचारलं, जणू कुणी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या गाडीनं पुढच्याला ठोकलं. त्यांना पटलंच नाही. लहानपणापासूनचे त्याचे गावातले सगळे सामने त्यांनी गोलाच्या मागे, कुंपणाच्या बाहेर उभं राहून पाहिले होते. कधी आत आले नाहीत, कधी संपल्यावर भेटायला थांबले नाहीत, पण हा शेवटचा सोडला तर एकही चुकवला नव्हता.

तो छताकडे बघत होता. भिंतीवरचे त्याचे पाय त्याला कुणा दुसऱ्याचे वाटत होते. "वाटलं पडतोय," तो म्हणाला.

"कोण?"

"समोरचा. हूल दिली त्यानं. मला वाटलं पडतोय. म्हणून धरायला गेलो."

त्याला वाटलं अण्णांचा डोळा लागला असेल. दुपारची त्यांची वेळच होती ती. त्यानं मान वळवून पाहिलं तर ते जागे होते आणि त्याच्याकडे बघत होते. पायांकडे नाही, हातांकडे नाही. कधी नव्हे ते सरळ तोंडाकडे. त्यांची हनुवटी जराशी हलत होती.

"त्याला धरायला गेलास," ते म्हणाले.

"हो."

"मैदानात."

"हो. लंबू हसत होता."

"हसेल नाहीतर काय करेल." अण्णांनी वॉकर ओढून घेतला. "माझ्या चपला कुठायत? त्या नकोत. मागून पट्टा असलेल्या."

तो उठला. चपला आणल्या, खाली बसून त्यांच्या पायांत चढवल्या, कमरेला पट्टा बांधला आणि ताण बघितला. दार उघडलं. दुपारचा जिना रिकामा होता, कुणाच्या तरी घरात रेडिओ पुटपुटत होता. अण्णांनी वॉकर दाराशी ठेवला, एका हातानं कठडा धरला आणि पहिल्या पायरीच्या काठाशी येऊन थांबले.

"कुठं उभा राहणार?" त्यांनी विचारलं.

त्याचं सगळं आयुष्य या एका प्रश्नावर गेलं होतं. कुठं उभं राहायचं हे त्याच्याइतकं संघात कुणाला ठाऊक नव्हतं. नवी पोरं त्यालाच विचारायची, काका, मी कुठं उभा राहू? आणि तो एका बोटानं दाखवायचा. आता त्यानं बोटानं पायरी दाखवली. "एक पायरी खाली," तो म्हणाला. "इथं. अंगाशी." आणि तो जाऊन उभा राहिला. इतक्या जवळ तो अण्णांच्या कधीच उभा राहिला नव्हता. मलमाचा वास, सकाळच्या साबणाचा वास, आणि त्या खाली म्हाताऱ्या माणसाच्या कातडीचा कोमट वास. शर्टाचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. हे त्याला आजवर माहीत नव्हतं. त्यानं पट्ट्यात बोटं अडकवली आणि मूठ मिटली.

"दुखरा आधी," तो म्हणाला.

"माहितीये."

दुखरा पाय खाली आला. मग चांगला. तो एक पायरी मागे उतरला. पुन्हा दुखरा, पुन्हा चांगला. अण्णांच्या नाकातून श्वासाचा आवाज येत होता. कठड्यावरचा हात सरकायच्या आधी दर वेळी थोडा घुटमळायचा. असं करत ते त्या पायरीपर्यंत आले, जिचा काठ फुटलेला होता.

"हीच ना?" अण्णा म्हणाले.

"हीच."

अण्णा थांबले. त्यांनी खाली पायरीकडे पाहिलं, मग दुखरा पाय उचलला, पुढे आणला, टेकवला. गुडघा लटकन हलला, फार नाही, थोडासाच, आणि सगळं वजन एका बाजूला कललं. आणि त्याला स्वतःची डावी टाच उचललेली कळली. सगळं घडायच्या आधी कळलं: टाच मागे जायला निघाली होती, कंबर तिरकी व्हायला लागली होती, भिंतीकडची बाजू आपोआप मोकळी होत होती. वीस वर्षं हे पाय त्याचं ऐकत आले होते आणि आता ते मास्तरांचं ऐकत होते. त्यानं टाच खाली टेकवली. ती टेकवायला सबंध सामना खेळण्याइतकी ताकद लागली. मग त्यानं वर, पुढे, अंगावर पाय टाकला, जसा कधीच टाकू नये तसा, आणि दोन्ही हातांनी अण्णांना धरलं. त्याचं कपाळ त्यांच्या छातीवर आदळलं. हाडावर हाड वाजलं.

"अरे! अरे, बरगडी मोडशील!" अण्णा वरून म्हणाले. "मी पडत नव्हतो."

"माहितीये."

"मग?"

त्याचं तोंड शर्टात दाबलेलं होतं आणि त्या वेगळ्या दोऱ्याचं बटण गालाला रुतत होतं. खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज झाला, कुणीतरी वर मान करून पाहिलं असेल, पुन्हा दार लागलं. रेडिओ चालूच होता. अण्णांचं वजन हळूहळू त्याच्यावर येत गेलं, आधी थोडं, मग सगळं. ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी होतं.

"सोडतो," तो म्हणाला.

अण्णांचा कठड्यावरचा हात निघाला आणि त्याच्या पाठीवर आला. त्यांनी तिथं एकदा थाप मारली. तो दुसरीची वाट बघत उभा राहिला. दुसरी आली नाही.